लागण कधीची, नोंद कधीची

२००३ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी एचआयव्ही तपासणीची समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या खोलीला पाटी नव्हती. पाटी लावली तर दारात कोणी उभं राहणार नाही, असं तिथले साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. केसपेपरची खिडकी, पुढे औषधांचं गोदाम आणि त्याला लागून माझी खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, निरोध कसा वापरायचा हे दाखवायचं लाकडी मॉडेल, आणि लोखंडी कपाटात कुलपाखाली ठेवलेली नोंदवही. कपाटाची किल्ली मी मंगळसूत्राबरोबर गळ्यात अडकवून घरी न्यायचे. ती नोंदवही चुकीच्या हातात पडली तर गावागावांत काय होईल, हे मला घरातूनच माहीत होतं.

माणूस आला की आधी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं, मग संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, मग रक्त. शेजारच्या लॅबमध्ये टेक्निशियन भाऊ ते यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचे आणि कंगव्यासारख्या पट्टीच्या दातावर त्याची चाचणी घ्यायचे. एक ठिपका उमटला म्हणजे चाचणी नीट झाली आणि रक्तात काही सापडलं नाही. दोन उमटले म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. मग दुसऱ्या बनावटीचं किट, त्यानंतर तिसऱ्या बनावटीचं. तिन्ही किटांनी एकच सांगितलं की कागद माझ्या टेबलावर यायचा, आणि तो वाचून दाखवणं हे माझं काम.

कागद ऐकल्यावर बहुतेक जण आधी गप्प बसत. मग दोन प्रश्न येत. पहिला, ‘आता किती दिवस?’ आणि दुसरा, थोडा वेळ गेल्यावर, खालच्या आवाजात, ‘मॅडम, हे कधी झालं असेल हो?’

पहिल्या प्रश्नाला वर्षभरातच माझ्याकडे बरं उत्तर आलं; त्याबद्दल पुढे सांगते. दुसऱ्याला वीस वर्षांत आलं नाही. आमची चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती लागणीनंतर तीन महिन्यांनीही दिसतात आणि दहा वर्षांनीही तशीच दिसतात. विषाणू शरीरात शिरल्यावर माणूस आठ-दहा वर्षं काही त्रास न होता शेतात राबू शकतो, गाडी चालवू शकतो, लग्न करू शकतो. त्यामुळे आमच्या नोंदवहीत ‘नवीन’ या शब्दाचा अर्थ इतकाच होता: हे माणूस आज आम्हाला कळलं.

महिन्याच्या अखेरीस मी त्या ओळी मोजायचे. माझा आकडा जिल्ह्याला जायचा, जिल्ह्याचा राज्याला, राज्याचा दिल्लीला. तिथे ‘देशातले नवे रुग्ण’ अशा नावाने तो वर्तमानपत्रात यायचा आणि लोक तो ‘यंदा इतक्यांना एड्स झाला’ असा वाचायचे. माझ्या नोकरीची वीस वर्षं या एका गैरसमजाने पोखरली आहेत. म्हणून हा मोजणीचा इतिहास, मला दिसला तसा, लिहून ठेवते आहे.

सुरुवात घरापासून करते. माझे चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आमच्या भागातली कितीतरी घरं माथाडीच्या मनिऑर्डरवर उभी राहिली. १९९५ च्या दिवाळीला दादा आले ते ओळखू येईनात इतके वाळून. खोकला थांबेना. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे कोणालाही न विचारता रक्त तपासलं गेलं आणि निकाल दादांना सांगण्याऐवजी माझ्या चुलत्यांना व्हरांड्यात, चार लोकांसमोर सांगितला. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं. संध्याकाळपर्यंत खाट व्हरांड्यात आणि दुसऱ्या दिवशी दादा घरी. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. सगळ्यांना सांगितलं गेलं की क्षयाने गेले, आणि कागदावरही तेच राहिलं. वहिनी तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांना तपासून घ्या असं कोणीही म्हटलं नाही.

वहिनी माझ्या खोलीत आल्या २००५ मध्ये. अंगावर नागीण उठली होती म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. तिन्ही किटं एकच बोलली. मी नोंदवहीत त्यांचा नंबर लिहिला, वर्षाच्या रकान्यात २००५ लिहिलं आणि महिनाअखेरीस त्यांना ‘नवीन’मध्ये मोजलं. त्यांची लागण निदान नऊ वर्षं जुनी होती. दादांचं नाव तर कुठल्याच वहीत नाही. ज्या माणसाकडून आजार घरात आला तो देशाच्या कोणत्याही आलेखात नाही, आणि त्याची बायको जवळजवळ एक दशक उशिराच्या रकान्यात आहे. (हे वहिनींना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. बाकीच्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

एका घराची ही गोष्ट देशाला लावून बघा. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजांनुसार प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २००० च्या आसपास सर्वांत जास्त होतं. म्हणजे लागण सगळ्यात वेगाने पसरली ती त्याआधी, नव्वदच्या दशकात. त्या दशकात नोंदी मात्र मूठभर होत्या, कारण तपासायची सोय मूठभर ठिकाणी होती आणि तपासलं तर काय होतं ते दादांच्या खाटेने गावाला दाखवलं होतं. नोंदींचा डोंगर उभा राहिला पुढच्या दशकात, लागण उतरणीला लागल्यावर.

भारतातली अगदी पहिली नोंद झाली तीही विसरता येत नाही. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करायला सांगितलं. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, मद्रासेत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी काढलेल्या संस्थेच्या नावातली ‘वाय. आर. जी.’ ही अक्षरं त्यांच्या वडिलांची. निर्मलांनी नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. देश हादरला. तोपर्यंत हा परदेशी लोकांचा आजार असंच सगळे म्हणत होते. पण मला त्या प्रसंगातली एक गोष्ट कायम टोचते. ज्या बायकांचं रक्त घेतलं, त्या सरकारी सुधारगृहात डांबलेल्या होत्या, आणि ही तपासणी कशाची हे त्यांना सांगितलं नव्हतं. निर्मला आणि सुनीतीबाईंच्या कामाचं मोल मोठं आहे. त्यांच्यामुळे देश जागा झाला. तरी पहिली नोंद विचारल्याशिवाय झाली, आणि न विचारता तपासण्याची ती सवय पुढे बरीच वर्षं टिकली.

गोव्यात तर नोंद म्हणजे अटक झाली. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेलं. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. म्हापशाच्या क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात त्याला ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई ल्युसी न्यायालयात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली, डॉमिनिकची सुटका झाली. पण मुंबई उच्च न्यायालयाने कायदा मात्र वैध ठरवला. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला, जाताजाता ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करून. मी विचारते, ही बातमी वाचून त्या वर्षी कोण आपणहून रक्त तपासायला गेलं असेल? पाच वर्षांनी मुंबईच्या गोदीवर किंवा भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्याने का जावं? कमी नोंदी म्हणजे कमी आजार असं ज्यांनी त्या काळात मानलं, त्यांनी भीतीची नोंद कुठल्याच वहीत केली नव्हती.

गोष्टी हळूहळू बदलल्या, त्या कोर्टांमुळे आणि लोकांच्या लढ्यांमुळे. १९९२ मध्ये नॅको आली, त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपली ‘नारी’, सुरू झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा बंद करायला लावला आणि १९९८ पासून तो बंद झाला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की काम करण्याइतका धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही. आमच्या सांगलीत या सगळ्याच्या बरोबरीने एक काम चाललं होतं, त्याचा उल्लेख मी मानाने करते. ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून देहविक्री करणाऱ्या बायकांबरोबर निरोध वाटपाचं काम सुरू केलं, आणि १९९६ मध्ये त्या बायकांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभारली. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतल्या या बायका गिऱ्हाइकाला ‘निरोध नसेल तर परत जा’ म्हणू लागल्या. लागण उतरली त्याचं श्रेय वाटायला बसलं तर पहिला वाटा मी त्यांचा धरीन. माझ्यासारख्या खुर्चीत बसलेल्यांचा नंबर बराच मागून येतो.

माझ्या खोलीत सर्वांत जास्त आल्या त्या गरोदर बायका. पोटुशी बाई पहिल्यांदा दवाखान्यात येते, तिचं रक्त नाहीतरी काढलंच जातं, तेव्हा संमती घेऊन हीही तपासणी करायची, असा कार्यक्रम होता. कारण चोख होतं. काहीच उपाय केला नाही तर संसर्गित आईच्या शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. त्या काळी आमच्याकडे नेव्हिरॅपिन होतं: कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला थोडंसं सिरप. इतक्यानेही पुष्कळ बाळं वाचली. आज आईला आयुष्यभराची औषधं लगेच सुरू होतात आणि लागण शंभरातल्या पाचाच्या आत ठेवता येते.

पण या चांगल्या कार्यक्रमाचा एक चटका होता. घरात सगळ्यात आधी तपासली जायची ती सून.

२००४ मधली एक मुलगी. वीस वर्षांची, सातवा महिना. नवरा गलाईवाला, म्हणजे सोन्या-चांदीची आटणी करणारा. खानापूर-आटपाडीकडची माणसं या कामासाठी देशभर पांगलेली असतात, तसा तोही उत्तरेकडे एका शहरात होता. सासू बाहेर बाकावर बसलेली. मुलीला मी निकाल सांगितला आणि घरी काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तू ठरव, नवऱ्याला बोलावून घेऊ, असं म्हटलं. ती मान हलवून गेली. पण बाहेर सासूने तिचं तोंड पाहिलं, रस्ताभर खोदून खोदून विचारलं असेल, आणि रात्रीपर्यंत पोरगी माहेरच्या दारात उभी. ‘हिच्यातच सापडलं ना? मग हिनेच आणलं,’ असं सासरी ठरलं. माझा मुलगा तर धडधाकट आहे, हा पुरावा.

नवरा तीन आठवड्यांनी आला. तिच्या संमतीने आणि त्याच्या संमतीने आम्ही त्याचीही तपासणी केली. तोही पॉझिटिव्ह. पुढे दोघांची सीडी-४ तपासणी झाली. या पेशी शरीराचं रक्षण करतात आणि विषाणू त्यांनाच वर्षानुवर्षं खात राहतो. तिच्या पाचशेच्या घरात होत्या, त्याच्या शंभराच्याही खाली. कोणाला कधी लागण झाली हे या आकड्यांवरून शपथेवर सांगता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. तरी डॉक्टरांनी नवऱ्याला शांतपणे विचारलं, लग्नाआधी कधी आजारी पडला होतास का, आणि तो रडायला लागला. लग्नाच्या आधीपासून त्याला शंका होती. बायकोने काही आणलं नव्हतं.

त्याने स्वतः आईला सगळं सांगितलं. सासू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, मग त्या कागदावर हिचंच नाव पहिलं का आलं?’

मी म्हटलं, ‘मावशी, तपासलंच तिला पहिलं.’

ती बराच वेळ बसून राहिली. मग सुनेला आणायला गेली. सगळ्या घरांत असं झालं नाही. अशा निदान तीस-चाळीस मुली मला आठवतात, ज्यांना आधी कळलं म्हणून आधी झालं असं धरून घराबाहेर काढलं. काहींच्या सासरी नवरा आजारी पडून गेला तरी तो कधी तपासला गेलाच नाही. दिल्लीचा आलेख चुकीचा वाचणारा शिकलेला माणूस आणि त्या घरांतली माणसं एकच चूक करतात, फक्त घरातल्या चुकीची किंमत एखादी वीस वर्षांची मुलगी मोजते.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. १ एप्रिल २००४ ला सरकारने एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. देशभरात मोजकी केंद्रं होती. आमच्या माणसांना सगळ्यात जवळचं म्हणजे मुंबईचं जे.जे. रुग्णालय. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी रांग लावायची, गोळ्या घेऊन रात्री परतीची गाडी. ती औषधं गरिबाच्या आवाक्यात आली त्यामागे मुंबईच्याच सिप्ला कंपनीचा मोठा हात होता. २००१ मध्ये युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दराने देऊ केला आणि जगभरच्या किमती कोसळल्या. सुरुवातीला सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय औषध मिळत नसे. मग मर्यादा वाढत वाढत ३५०, ५०० झाली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला औषध, असं धोरण आलं.

सांगलीला औषधं मिळू लागली तेव्हाचा फरक मी डोळ्यांनी पाहिला. आधी माणसं कोणीतरी ढकलल्यावर यायची. आता एक जण बरा होऊन उसाच्या फडावर परत जायचा आणि पुढच्या महिन्यात त्याचा ओळखीचा दुसरा माझ्या दारात. देशात माझ्या खोलीसारखी तपासणीची केंद्रंही काही शेकड्यांवरून काही हजारांवर गेली. माझ्या वहीतल्या ‘नवीन’ ओळी दुपटीने वाढल्या आणि वरून विचारणा आली की तुमच्याकडे एड्स का वाढतोय. मी उत्तर लिहिलं की विश्वास वाढतोय. अहवालाच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

आणि नेमक्या त्याच काळात, ६ जुलै २००७ ला, देशाचा मोठा आकडा अर्ध्यावर आला. तोपर्यंत भारतात पन्नास लाखांहून अधिक संसर्गित आहेत असं धरलं जात होतं. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज तर ५७ लाखांचा होता. अमेरिकेच्या गुप्तवार्ता परिषदेने २००२ मध्ये वर्तवलं होतं की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी संसर्गित असतील. त्या दिवशी आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी जाहीर केलं की खरा आकडा सुमारे २५ लाख आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या रुग्णालयातले एक सहकारी म्हणाले, ‘मॅडम, निम्मा एड्स बरा झाला म्हणे.’ अनेकांना तसंच वाटलं. झालं होतं ते असं: १९९८ पासून दरवर्षी ठरावीक सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्ताची निनावी तपासणी होत असे आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधला जात असे. पण सरकारी दवाखान्यात येणारी बाई म्हणजे देशातली प्रत्येक बाई नव्हे. खासगीत पॉझिटिव्ह निघालेल्यांनाही सरकारीकडेच पाठवलं जायचं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घरोघरी जाऊन लाखभर लोकांचं रक्त तपासलं आणि प्रमाण बरंच कमी निघालं. पाहणीची केंद्रंही तोवर वाढून अकराशेंवर गेली होती. सगळं एकत्र करून आकडेमोड नव्याने केली. एकही माणूस बरा झाला नव्हता की एकही नाहीसा झाला नव्हता. अंदाज सुधारला होता. मोजणाऱ्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली याबद्दल मला आदरच वाटतो.

एप्रिल २०२२ ची बातमी मात्र अजून माझ्या डोक्यात आहे. मध्य प्रदेशातल्या एका कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात नॅकोला विचारलं, आणि उत्तरात आलं की दहा वर्षांत असुरक्षित संबंधांतून सतरा लाखांहून अधिक लोकांना एचआयव्ही झाला. वर्षवार आकडेही होते: २०११-१२ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार, २०१९-२० मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार आणि २०२०-२१ मध्ये ८५,२६८. महाराष्ट्र आंध्र प्रदेशाच्या खालोखाल, २ लाख ८४ हजारांवर. सगळीकडे छापून आलं की इतक्यांना ‘लागण झाली’. हे आकडे कुठले होते? माझ्या खोलीतले. माझ्यासारख्या समुपदेशकांनी माणसाला विचारून, त्याने जे सांगितलं त्यावरून भरलेला तो रकाना. ते सतरा लाख लोक त्या दहा वर्षांत ‘कळलेले’ होते. २०१९ या वर्षात देशात नवी लागण किती झाली याचा नॅकोचाच अंदाज सुमारे ६९ हजारांचा आहे. त्याच्या दुपटीहून जास्त माणसं त्या सुमारास टेबलापलीकडे बसून निकाल ऐकत होती, कारण त्यांत माझ्या वहिनींसारखी जुनी लागण असलेली माणसं होती.

आणि ८५,२६८ हा शेवटचा आकडा? ते टाळेबंदीचं वर्ष. एस.टी. बंद, ओपीडी बंद, लॅबवाले भाऊ कोविडच्या स्वॅबच्या कामावर. माझ्या दारात दिवसचे दिवस कोणी येत नव्हतं. आम्ही आधीच्या रुग्णांच्या गोळ्या त्यांच्या गावापर्यंत पोहोचवण्यात गुंतलो होतो. नव्या नोंदी चाळीस टक्क्यांनी घटल्या याचा आनंद मानणारे लेख मी वाचले आणि मला धसका बसला. त्या वर्षी जे आले नाहीत ते पुढे क्षय होऊन, वजन निम्मं होऊन आले. काही आलेच नाहीत.

जुलै २०२४ मध्ये, मी निवृत्त झाल्यावर, पुतण्याने मोबाइलवर बातमी दाखवली: त्रिपुरात ८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ जणांचा मृत्यू. वाचणाऱ्याला वाटावं की हे एका वर्षात घडलं. दोन दिवसांत तिथल्या राज्य संस्थेने खुलासा केला की एप्रिल २००७ ते मे २०२४ या सतरा वर्षांत एआरटी केंद्रांवर नोंद झालेल्यांची ती बेरीज होती. खुलासा किती जणांनी पुढे पाठवला? पुतण्यापर्यंत तरी तो आला नव्हता. ईशान्येत काळजी करण्यासारखं खरंच घडतं आहे. २०२३ च्या अंदाजांत मिझोराममध्ये प्रौढांमधलं प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास होतं, देशाचं ०.२, सुयांतून नशा करण्याची सवय हे त्यामागचं एक मोठं कारण. पण घाबरवणाऱ्या चुकीच्या आकड्याने तिथली पोरं सुया बदलणार नाहीत की तपासायला येणार नाहीत. ती लपतील, जशी आमची माणसं १९९५ मध्ये लपली.

नॅकोच्या २०२३ च्या अंदाजांनुसार तेव्हाची स्थिती अशी: देशात २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत होते, वर्षभरात सुमारे ६८ हजार जणांना नवी लागण झाली, आणि २०१० च्या तुलनेत ही नवी लागण ४४ टक्क्यांनी उतरली होती. २०२५-२६ पर्यंत ती ८० टक्क्यांनी उतरवायचं ठरलं होतं; त्या वाटेवर आपण बरेच मागे होतो. दरवेळी अंदाज नव्याने बांधताना मागच्या वर्षांचीही मोजदाद पुन्हा होते, म्हणून दोन निरनिराळ्या अहवालांतले आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. एकूण संख्या वाढली की लोक हळहळतात. मला त्या संख्येत माझ्या वहिनी दिसतात. त्या आज साठीपुढच्या आहेत, गोळी चुकवत नाहीत, रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलेला आहे. त्या जिवंत आहेत म्हणून संख्या मोठी आहे. असा दबलेला विषाणू जोडीदाराला लागत नाही, याचा पाया घालणाऱ्या जागतिक अभ्यासात पुण्याच्या ‘नारी’कडची जोडपीही होती; २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा लवकर औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्या जोडप्यांची नावं कोणालाही माहीत नाहीत. उपकार मात्र सगळ्या जगावर आहेत.

त्या गलाईवाल्याच्या बायकोला मुलगा झाला. अठरा महिन्यांनी त्याची शेवटची तपासणी केली, कारण त्याआधी आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात असू शकतात. पट्टीवर एकच ठिपका उमटला. नवरा २००८ मध्ये गेला. औषध सुरू व्हायला उशीर झाला होता. ती आणि तिची सासू एकाच घरात राहतात. मुलगा आता वीस वर्षांचा आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून देशात एचआयव्ही-एड्स कायदा लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं, निकाल दुसऱ्याला सांगणं, त्यावरून नोकरी किंवा उपचार नाकारणं आता बेकायदा आहे. दादांच्या वेळी हा कायदा नव्हता. तो आज आहे हे मात्र दवाखान्यांतल्या लोकांनाही पुरतं माहीत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, वर्तमानपत्रात नव्या रुग्णांचा आकडा येईल. वाढलेला असो वा घटलेला, त्या वर्षी किती तपासण्या झाल्या हे बातमीत शोधा, आणि नसेल तर संपादकांना पत्र लिहून विचारा. कोणाच्या घरात निकाल आला तर आधी कोणाला तपासलं होतं ते आठवा. आणि स्वतःची तपासणी राहिली असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जा. ती मोफत आहे, गुप्त आहे, आणि जाण्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ या क्रमांकावर फोन करता येतो.